‘बलात्कार’ या शब्दाचे देशांतर : लैंगिक अपराधांच्या व्याख्या आणि प्रत्यर्पण

मराठीतील ‘बलात्कार’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. ‘बलात्’ म्हणजे बळाने, जबरीने. संस्कृतात त्याचा विस्तार बराच मोठा होता. ऋणकोस धरून डांबून ठेवणे आणि अशा रीतीने धनकोने आपले कर्ज वसूल करणे, यालाही धर्मशास्त्रकार हाच शब्द लावीत. आज मराठीत तो एकाच अर्थाशी बांधला गेला आहे. परंतु त्याच्या पोटातील ‘बल’ मात्र कायम आहे. इतर भाषांतही हेच आढळते. जर्मन ‘फेरगेवाल्टिगुंग’ या शब्दात ‘गेवाल्ट’ म्हणजे जबरी आहे, स्वीडिश ‘व्होल्डटेक्ट’ या शब्दात ‘व्होल्ड’ म्हणजे जबरीच आहे, आणि रशियन ‘इझनासिलोवानिये’ या शब्दात ‘सिला’ म्हणजे शक्ती आहे. इंग्लिश ‘रेप’ हा लॅटिन ‘रापेरे’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ हिसकावून नेणे असा होता. या सर्व भाषांनी ज्या काळी हे शब्द घडविले त्या काळी अपराधाचे मर्म जबरीत आहे, असे मानले जात होते.

कायदा मात्र तेथे थांबलेला नाही. गेल्या काही दशकांत अनेक देशांनी या अपराधाची व्याख्या बळावरून संमतीवर आणली आहे. इंग्लंडच्या २००३ च्या लैंगिक अपराध अधिनियमात संमतीचा अभाव, आणि संमती आहे असे मानण्यास आरोपीजवळ वाजवी कारण नसणे, या दोन गोष्टी मध्यवर्ती आहेत. जर्मनीने २०१६ मध्ये, स्वीडनने १ जुलै २०१८ पासून, स्पेनने २०२२ मध्ये आणि फ्रान्सने २०२५ मध्ये आपापल्या व्याख्या त्या दिशेने बदलल्या. शब्द तेच राहिले, त्यांच्या आतील आशय बदलला. आणि तोही निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या प्रमाणात. एखाद्या देशाच्या न्यायालयात त्या देशाचाच खटला चालू असेल तर या विसंगतीचा उपसर्ग होत नाही, कारण न्यायाधीशापुढे एकच व्याख्या असते. दोन व्याख्या एकाच न्यायासनापुढे येतात त्या प्रत्यर्पणाच्या प्रकरणांत.

एका देशात अपराध केल्याचा आरोप असलेला किंवा दोषी ठरलेला इसम दुसऱ्या देशात सापडला असता त्यास पहिल्या देशाच्या हवाली करणे, यास प्रत्यर्पण म्हणतात. या व्यवहाराचा पाया ज्या तत्त्वावर उभा आहे त्यास ‘उभयत्र दंडनीयता’ असे म्हणता येईल. ज्या कृत्याबद्दल मागणी आली आहे ते कृत्य मागणी करणाऱ्या आणि मागणी ज्याकडे आली त्या, अशा दोन्ही देशांत शिक्षेस पात्र असले पाहिजे. जे कृत्य येथे अपराध नाही त्याकरिता येथील राज्यसंस्थेने कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, हा त्यामागील विचार होय. तो लैंगिक अपराधांच्या क्षेत्रात विशेष मोलाचा ठरलेला आहे. प्रौढ पुरुषांमधील खासगी व परस्परसंमत संबंध इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ पासून अपराध राहिले नाहीत. भारतात ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देईपर्यंत भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली अपराध होते. मधल्या पन्नास वर्षांत अशा आरोपाखाली कोणास इंग्लंडहून भारताच्या स्वाधीन करण्यास हे तत्त्वच आड आले असते. जे तत्त्व अशा माणसास ढालीसारखे उपयोगी पडते तेच एखाद्या खऱ्या अत्याचाऱ्यासही उपयोगी पडू शकते, ही त्याची दुसरी बाजू.

दोन देशांची कृत्ये ताडून पाहावयाची कशी, याचे उत्तर कायद्याने वेळोवेळी निरनिराळे दिले. सर्वात जुनी रीत यादीची. ब्रिटनच्या १८७० च्या प्रत्यर्पण अधिनियमास अपराधांच्या नावांची एक अनुसूची जोडलेली होती. खून, जाळपोळ, घरफोडी यांच्याच रांगेत ‘रेप’ हा शब्दही होता. भारताच्या १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमातही मुळात अपराधांची यादी होती. १९९३ च्या दुरुस्तीने ती गेली आणि तिच्या जागी शिक्षेच्या मुदतीचा निकष आला. यादीच्या रीतीत एक गृहीत धरलेले असते : नाव एक तर वस्तूही एक. खुनाच्या बाबतीत हे पुष्कळसे खरे ठरते. लैंगिक अपराधांच्या बाबतीत ते सर्वात लवकर कोसळते.

म्हणून दुसरी रीत आली. तीत नाव बाजूस ठेवून कृत्य पाहावयाचे असते. १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या नमुना करारात, तसेच भारत व अमेरिका यांच्यामधील १९९७ च्या करारात असे स्पष्टच म्हटले आहे की दोन देशांचे कायदे तो अपराध एकाच वर्गात घालतात किंवा नाही, त्यास एकच परिभाषा लावतात किंवा नाही, याला महत्त्व नाही. ब्रिटनच्या लॉर्डसभेनेही २००८ मध्ये नॉरिस या प्रकरणात हाच मार्ग योग्य ठरविला : परक्या देशाच्या कायद्यातील अपराधाचे घटक मोजीत न बसता आरोपीने केले असे म्हटलेले कृत्य येथे घडले असते तर अपराध झाला असता काय, एवढेच न्यायालयाने विचारावे. भाषेच्या अभ्यासकास ही रीत निश्चितच अधिक शहाणपणाची वाटेल. शब्दाला शब्द न ताडता दोन्ही शब्द ज्या वस्तूकडे निर्देश करतात ती वस्तूच समोर ठेवणे, असा हा प्रकार आहे. मात्र लैंगिक अपराधांत ‘कृत्य’ हे केवळ शरीराच्या हालचालींनी पुरे होत नाही. संमती होती की नव्हती, आणि कोणत्या गोष्टीला होती, हा त्या कृत्याचाच भाग असतो. आणि तो भाग पुन्हा व्याख्येनेच ठरतो. दारातून बाहेर घालविलेली व्याख्या खिडकीतून आत येते, ती अशी.

तिसरी रीत युरोपीय संघाची. १३ जून २००२ च्या निर्णयाने तेथे युरोपीय अटकपत्राची पद्धत सुरू झाली. त्या निर्णयात बत्तीस प्रकारच्या अपराधांची एक यादी असून त्यांपैकी एखादा अपराध मागणी करणाऱ्या देशात किमान तीन वर्षांच्या कमाल शिक्षेस पात्र असेल तर उभयत्र दंडनीयता तपासावयाचीच नाही, असा नियम आहे. अटकपत्राच्या छापील नमुन्यात त्या अपराधापुढील चौकटीत खूण केली की काम झाले. या बत्तिसांत ‘बलात्कार’ हा एक प्रकार आहे. त्याची व्याख्या दिलेली नाही. बेल्जियममधील वकिलांच्या एका संघटनेने या यादीच्या संदिग्धतेवर आक्षेप घेतला असता युरोपीय न्यायालयाने ३ मे २००७ रोजी तो फेटाळला. अपराधांच्या व्याख्या व शिक्षा मागणी करणाऱ्या देशाच्या कायद्यानेच ठरतात, त्या एकरूप करण्याचा यादीचा हेतूच नाही, असे न्यायालयाने सांगितले. व्याख्या एकरूप करण्याचा प्रयत्न पुढे झाला, परंतु तो साधला नाही. स्त्रियांवरील अत्याचारांसंबंधीच्या निर्देशाच्या मार्च २०२२ मधील मसुद्यात संमतीवर आधारलेली बलात्काराची सामाईक व्याख्या होती. २०२४ मध्ये निर्देश संमत झाला तेव्हा सदस्य राष्ट्रांच्या विरोधामुळे ती गळालेली होती. यादीतील तो शब्द व्याख्येवाचूनच राहिला.

या यादीचा आणि कृत्यदर्शी रीतीचा कस एकाच प्रकरणात लागला, ते ज्यूलियन असांज यांचे प्रकरण होय. असांज यांचे नाव राजकीय कारणांनी इतके गाजले की त्या गदारोळात त्यांच्या प्रत्यर्पणाच्या खटल्यातील भाषिक व कायदेशीर प्रश्न जवळजवळ झाकला गेला. डिसेंबर २०१० मध्ये स्वीडनच्या सरकारी अभियोक्त्यांनी काढलेल्या अटकपत्रानुसार त्यांना लंडन येथे अटक झाली. अटकपत्रात चार अपराध होते. एकास स्वीडिश कायद्यात बेकायदा सक्ती म्हणतात. दोहोंचे नाव ‘सेक्सुएल्ट ऊफ्रेदांदे’. ‘फ्रेद’ म्हणजे शांतता. तेव्हा ‘ऊफ्रेदांदे’ म्हणजे एखाद्याची शांतता भंग करणे, त्यास उपद्रव देणे. इंग्लिश अटकपत्रात त्यासाठी ‘मोलेस्टेशन’ हा शब्द वापरला होता. मराठीत कोणी त्यास ‘विनयभंग’ म्हणेल. पण ‘विनय’ आणि ‘शांतता’ या दोन शब्दांमागील कल्पना अगदी निराळ्या आहेत. पहिलीत स्त्रीच्या शीलाचा विचार आहे, दुसरीत कोणाही व्यक्तीच्या स्वस्थतेचा. चौथा अपराध ‘व्होल्डटेक्ट’. त्याच्याच समोर चौकटीत खूण होती. असांज यांनी सर्व आरोप नाकारले होते. स्वीडनमध्ये त्यांच्यावर रीतसर आरोपपत्र कधीच दाखल झाले नाही, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तपासही बंद करण्यात आला. पुढील विवेचन आरोप खरे होते की खोटे याविषयी नसून न्यायालयाने त्यांचे शब्द कसे वाचले याविषयी आहे.

चौथ्या अपराधातील आरोप असा होता की स्त्री झोपेत असताना संबंध ठेवला गेला. स्वीडनच्या २००५ पासूनच्या व्याख्येत बळ व धमकी यांच्याबरोबरच निद्रा, बेशुद्धी, नशा इत्यादींमुळे असहाय असलेल्या व्यक्तीचा गैरफायदा घेणेही ‘व्होल्डटेक्ट’ मानले जात होते. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटातच ‘व्होल्ड’ आहे तो शब्द जेथे काडीचीही जबरी झालेली नाही अशा कृत्यास लागत होता. शिवाय स्वीडिश कायद्यात या अपराधाची एक कमी गंभीर पायरी असून तिला त्या वेळी कमाल चार वर्षे कैद होती, आणि प्रस्तुत आरोप त्या पायरीवरचा होता. इंग्लिशमध्ये ‘रेप’ या शब्दाला अशी पायरी नाही. ज्याला जन्मठेप होऊ शकते असा तो एकसंध शब्द आहे. चार वर्षांची मर्यादा तीन वर्षांच्या अटीहून अधिक असल्यामुळे चौकटीतील खूण वैध ठरत होती. परंतु इंग्लिश वाचकाच्या मनात त्या चौकटीतील शब्दाने जे वजन निर्माण केले ते स्वीडिश कायद्याने त्यात घातलेले नव्हते.

लंडनच्या उच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०११ रोजी निर्णय देताना केवळ खुणेवर विसंबून न राहता कृत्यही तपासले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. झोपलेल्या व्यक्तीची संमती नसते आणि आरोपीस ती आहे असे मानण्यास वाजवी कारण नव्हते असे वर्णनावरून दिसते; तेव्हा इंग्लिश कायद्यानेही हे कृत्य त्याच नावास पात्र आहे, असा निष्कर्ष निघाला.

खरी मौज मात्र ‘ऊफ्रेदांदे’च्या आरोपात होती. तेथे खूण नव्हती, म्हणून इंग्लिश कायद्यात ते कृत्य कोणता अपराध ठरेल हे दाखविणे आवश्यक होते. आरोप असा की स्त्रीने निरोध वापरण्याच्या अटीवरच संमती दिली होती आणि ती अट जाणूनबुजून मोडली गेली. एवढ्याने इंग्लिश कायद्यात अपराध होतो काय, याविषयी तोपर्यंत स्पष्ट निर्णय नव्हता. उच्च न्यायालयाने म्हटले की संमती जर त्या अटीवरच असेल तर अट मोडली असता संमती उरली नाही असे ज्यूरी ठरवू शकेल, आणि ते कृत्य २००३ च्या अधिनियमाखाली अपराध होईल. स्वीडनमध्ये जे कृत्य उपद्रवाच्या खालच्या वर्गात मोडत होते त्याचे इंग्लिश कायद्यात रूपांतर करताना ते सर्वात जड शब्दाच्या कक्षेत जाऊन पोहोचले. भाषांतरात अर्थ कमी होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे तो वाढला.

आणि तो वाढलेला अर्थ इंग्लंडमध्येच राहिला. २०१३ मध्ये एका विवाहित स्त्रीच्या तक्रारीवर खटला न भरण्याचा अभियोक्त्यांचा निर्णय उच्च न्यायालयापुढे आला. पतीने संबंधापूर्वी मान्य केलेली अट मुद्दाम मोडली, अशी तिची तक्रार होती. न्यायालयाने असांज प्रकरणातील विवेचनाचा आधार घेऊन, हे कृत्य बलात्कार ठरू शकते असे म्हटले आणि फेरविचाराचा आदेश दिला. उलट २०२० मध्ये लॉरन्स या प्रकरणात अपील न्यायालयाने सीमा आखली : आपली संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आहे असे खोटे सांगून मिळविलेली संमती ही संमतीच होय, कारण ते खोटे बोलणे शारीरिक कृत्याच्या स्वरूपाविषयी नसून त्याच्या परिणामांविषयी आहे. एका परदेशी अटकपत्रातील शब्दाचा अर्थ लावताना निघालेले वाक्य दहा वर्षांच्या आत देशी कायद्याचा आधारस्तंभ व्हावे, हा प्रत्यर्पणाच्या कायद्याचा फारसा न ओळखला गेलेला परिणाम आहे.

याच प्रकरणात आणखी एक शब्द अडला, तो अपराधाचा नव्हे तर अधिकाऱ्याचा. अटकपत्र ‘न्यायिक अधिकाऱ्याने’ काढावे असा नियम. सरकारी अभियोक्ता हा न्यायिक अधिकारी कसा? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१२ रोजी पाच विरुद्ध दोन मतांनी प्रत्यर्पणाच्या बाजूने निर्णय दिला. त्यात मूळ निर्णयाच्या फ्रेंच पाठातील शब्दाची व्याप्ती इंग्लिश शब्दाहून मोठी आहे, या मुद्द्याचा बराच वाटा होता. त्यानंतर असांज यांनी इक्वादोरच्या वकिलातीत आश्रय घेतला आणि प्रकरण कायद्याच्या हातून निसटले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून त्याच्यापुरती ही व्यवस्था वेगळ्या कराराखाली गेली आहे.

प्रत्येक गाजलेले प्रकरण व्याख्येच्या भेदाचे असते असे मात्र नव्हे. चित्रपट-दिग्दर्शक रोमान पोलान्स्की यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात अल्पवयीन मुलीशी बेकायदा संबंधाचा अपराध कबूल केला आणि १९७८ मध्ये ते देशाबाहेर गेले. स्वित्झर्लंडने २०१० मध्ये व पोलंडच्या न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांना स्वाधीन करण्यास नकार दिला. त्या नकारांची कारणे शिक्षेसंबंधीची मूळ तडजोड आणि तेथील न्यायालयाचे वर्तन यांत होती. ते कृत्य अपराध आहे याविषयी तिन्ही देशांत दुमत नव्हते.

भारताच्या बाबतीत व्याख्येचा भेद कोठे बोचतो हे पाहावयाचे तर भारत व ब्रिटन यांच्यामधील १९९२ चा करार घ्यावा. दोन्ही देशांच्या कायद्यांनी किमान एक वर्षाच्या कैदेस पात्र असलेले कृत्य प्रत्यर्पणास योग्य, असा त्याचा नियम आहे. इंग्लंडमध्ये पतीला पत्नीच्या बाबतीत असलेली सूट लॉर्डसभेने १९९१ मध्ये मोडीत काढली. भारतात १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती सूट कायम आहे. मात्र पत्नी अठरा वर्षांखालील नसावी. ही वयाची अट सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी पंधरावरून अठरावर नेली होती. प्रौढ पत्नीसंबंधीच्या सुटीच्या वैधतेवर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाला.

आता लंडन किंवा लेस्टर येथे राहणाऱ्या एखाद्या भारतीय स्त्रीने पतीविरुद्ध तेथे बलात्काराची तक्रार केली आणि पती तत्पूर्वीच भारतात परतला, अशी कल्पना करावी. ब्रिटनकडून मागणी आली तर भारतीय दंडाधिकाऱ्यापुढे जे कृत्य येईल त्याला येथे ते नाव नाही. कृत्यदर्शी रीतीने त्या कृत्याचे तुकडे करून पाहता येतील : मारहाण झाली असेल तर दुखापतीचा अपराध, छळाचे स्वरूप असेल तर कलम ८५ खालील क्रूरतेचा अपराध, ज्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जेथे इजा वा छळ आहे तेथे काही वाट निघू शकेल. परंतु जेथे केवळ संमती नव्हती, आणि दुसरे काही नव्हते, तेथे हाती काय उरते? इंग्लिश कायद्याने व्याख्येतून काढून टाकलेले ‘बल’ भारताच्या उंबरठ्यावर पुन्हा सिद्ध करावे लागते. शिवाय ज्या अपराधाकरिता स्वाधीन केले त्याखेरीज अन्य अपराधाचा खटला चालवू नये, असाही प्रत्यर्पणाचा एक नियम आहे. त्यामुळे क्रूरतेच्या नावाने पाठविलेल्या माणसावर तेथे बलात्काराचा खटला चालेल काय, हा वाद उभा राहणारच.

प्रत्यर्पण नाकारले तर आरोपीवर स्वदेशातच खटला भरावा, अशी तरतूद भारतीय अधिनियमाच्या कलम ३४-अ मध्ये आहे. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या अपराधासही भारतीय न्याय संहिता लागू होते. पण या दोन्ही वाटा शेवटी येथील व्याख्येकडेच येतात. जे कृत्य भारतात घडले असते तर अपराध नव्हता त्याचा खटला भारतात भरता येत नाही. तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने दोन्ही दरवाजे एकाच कुलपाने बंद होतात.

पुरुषाच्या बाबतीत पोकळी याहूनही मोठी आहे. इंग्लंडच्या व्याख्येत पीडित व्यक्ती स्त्री वा पुरुष कोणीही असू शकते. भारतात प्रौढ पुरुषावरील असा अत्याचार पूर्वी कलम ३७७ च्या उरलेल्या भागात येत होता. नव्या संहितेने ते कलमच वगळले आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही. दुखापत, डांबून ठेवणे इत्यादी सामान्य अपराध तेवढे शिल्लक आहेत.

अडचण उलट दिशेनेही येते, आणि महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांशी तिचा अधिक निकटचा संबंध आहे. भारतात संमतीचे वय अठरा आहे, इंग्लंडमध्ये सोळा, स्वीडनमध्ये पंधरा. सतरा वर्षांच्या मुलीशी तिच्या राजीखुशीने असलेला संबंध येथे बलात्कार ठरतो. इंग्लंडमध्ये, शिक्षक वा पालक यांसारख्या विश्वासाच्या नात्याचा अपवाद सोडला तर, तो अपराधच नाही. तेव्हा त्या आरोपाखाली परदेशी गेलेला तरुण तेथून परत मिळणे कठीण.

विवाहाच्या वचनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट २०१९ रोजी दोन कसोट्या सांगितल्या. वचन देतानाच ते पाळण्याचा हेतू नसला पाहिजे, आणि स्त्रीच्या निर्णयाशी त्या वचनाचा प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे. तरच तिची संमती वस्तुस्थितीविषयीच्या गैरसमजातून दिलेली, म्हणून निरर्थक, मानता येईल. नव्या संहितेच्या कलम ६९ ने अशा कृत्यास बलात्काराहून निराळा, दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध केले आहे. इंग्लिश कायद्यात याला जोड नाही. किंबहुना लॉरन्स प्रकरणातील भेद लावला तर विवाहाचे खोटे वचन हे कृत्याच्या स्वरूपाविषयी नसून त्याभोवतालच्या परिस्थितीविषयीचे असत्य ठरेल आणि संमती अबाधित राहील. नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या आरोपीची मागणी अशा आरोपावर केली तर तेथील न्यायालय प्रथम हेच विचारील.

अशा मागणीचे पहिले कागद मराठीत असतात. पोलीस ठाण्यात लिहिलेली फिर्याद वरिष्ठ कचेऱ्यांतून, पुढे केंद्र सरकारच्या मार्फत, इंग्लिश होऊन परदेशी न्यायालयात पोहोचते. फिर्यादीत ‘लग्नाचे आमिष दाखवून’ हा शब्दप्रयोग जवळजवळ ठराविक झालेला आहे. ‘आमिष’ म्हणजे मूळ अर्थाने मांस, पुढे गळास लावलेले भक्ष्य. आमिष दाखविणारा पहिल्यापासून फसविण्याच्याच हेतूने ते दाखवितो; म्हणजे पवार प्रकरणाने जी गोष्ट पुराव्याने सिद्ध करावयास सांगितली ती या एका शब्दात आधीच सिद्ध धरलेली असते. त्याचे इंग्लिश भाषांतर ‘विवाहाचे वचन देऊन’ असे केले तर हेतूचा उल्लेख नाहीसा होतो. ‘भुलवून’ असे केले तर वचनाचा उल्लेख नाहीसा होतो. ‘जबरदस्तीने’ आणि ‘इच्छेविरुद्ध’ हे शब्दही असेच एकमेकांच्या जागी लिहिले जातात. वास्तविक संहितेत ‘इच्छेविरुद्ध’ आणि ‘संमतीवाचून’ ही दोन वेगळी कलमांशे आहेत, आणि जबरदस्तीची अट दोहोंतही नाही. फिर्यादीत ‘जबरदस्तीने’ लिहिले आणि वैद्यकीय तपासणीत इजा आढळली नाही, तर परदेशी न्यायाधीशास तो अंतर्विरोध दिसतो. फिर्यादी स्त्रीच्या तोंडी कदाचित ‘मी नको म्हणत होते’ एवढेच शब्द असतील. कृत्यदर्शी रीतीत न्यायालयास हवे असतात ते नेमके हेच शब्द : कोणी, केव्हा, काय म्हटले, आणि दुसऱ्याने त्यावर काय केले. फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराने ते बोलीतच उतरून ठेवले आणि भाषांतरकाराने त्यांना कायद्याचे नाव न देता तसेच पुढे पाठविले, तर कोणत्याही देशाच्या न्यायाधीशाला ते आपल्या व्याख्येशी ताडून पाहता येतात.